आधी उतरायला शिक

इस्लामपूर

चि. भाचीस,

फुटबॉलसाठी तू गच्चीवर रोज शंभर उड्या मारतेस असं तुझी आई सांगत होती. जमिनीवर अंथरायची सरावाची शिडी आणि लाकडी खोकं हवंय, हा निरोपही पोचला. देईन दोन्ही. पण आधी गच्चीवरचा कार्यक्रम बंद कर. सिमेंटवर उड्या नकोत. कोल्हापुरात मैदानांना तोटा नाही. गवत नसेल तर माती चालेल, चिखल मात्र नको.

तुमच्या वयाची पोरं उडी किती उंच गेली ते मोजतात. मी बघतो ती खाली कशी आली. दोन्ही पाय एकदम टेकले का, गुडघे वाकले का, आणि वाकताना ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले की आत एकमेकांकडे झुकले? हे आत झुकणं मुलींत जास्त दिसतं. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंधही मुलांपेक्षा मुलींचा जास्त तुटतो, आणि पुष्कळदा कुणाचा धक्काही न लागता, एका पायावर उतरताना किंवा धावता धावता वळताना तुटतो. मैत्रिणीला समोरून मोबाइलवर शूट करायला सांग. आवाजाकडेही कान दे. उतरताना धप्प वाजायला लागलं की त्या दिवशी तिथंच थांबायचं. म्हणून शंभराचा हट्ट सोड. आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून, पाय ताजे असताना पन्नास-साठ उड्या तुला भरपूर झाल्या.

दुखापती टाळायला फिफाचा '११+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. धावणं, बैठका, एका पायावर तोल, थोड्या उड्या. साहित्य फारसं लागत नाही. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर त्याची चाचणी झाली, २००८ साली निष्कर्ष छापून आले. दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या होत्या. तुझ्या कोचना दाखव.

खोक्यावर उडी मारून चढ, पण उतरायचं पायरीसारखं, एकेक पाय टाकत. वरून खाली उडी टाकून लगेच परत झेपावणं हा प्रकार सोव्हिएत प्रशिक्षक वेर्खोशान्स्की यांनी रुजवला, तो अंगात ताकद मुरलेल्या खेळाडूंसाठी. खाली येताना मांडीचे स्नायू ताणले जातात, तो ताण लगेच वापरला तर उडी वाढते, हे खरंच. पण तो ताण पेलायला आधी बैठका हव्यात. तालमीतले वस्ताद पोरांकडून त्या उगाच नाही काढून घेत.

शिडीबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. तिने पाय चलाख होतात, पण शिडी हूल देत नाही. कुठं वळायचं ते आधीच ठाऊक असतं. चपळाई खरी कळते खो-खोत. पाठलाग करणारीला एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. पळणारी बसलेल्या आठ जणींमधून साखळी घालत कुठूनही निसटते. फुटबॉलमध्ये समोरचीलाही मागे फिरता येतं, म्हणजे तुझी हूल आणखी पटणारी हवी. आणि हूल दिल्यावर वळायचं तर आधी थांबता यायला हवं: पावलं आखूड, कंबर खाली, मग वळण. अनिकेत जाधव तुमच्या कोल्हापूरचाच, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचे व्हिडिओ बघतेस ना? एकदा बॉल सोडून नुसते पाय बघ.

आणखी एक. यंदा तुझी उंची झपाट्याने वाढलीय म्हणे. या काळात गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखायला लागलं तर उड्या बंद, आणि कोचना नि आईला त्याच दिवशी सांगायचं. संघातून काढतील म्हणून लपवायचं नाही. बहुतेक वेळा विश्रांतीने बरं होतं, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत सुरू करायचं नाही.

शनिवारी येणार असशील तर पेठ नाक्यावर उतर, मी गाडी घेऊन येतो. बूट आण. संध्याकाळी इथल्या खो-खोच्या पोरी सरावाला असतात, तुला त्यांच्यात पळवतो. खोकं मी सुताराकडे टाकलंय, गुडघ्याच्या खालीच राहील एवढ्या उंचीचं.

तुझा,
मामा