चेंबर घरी उतरवायचा? आधी हिशोब मांडा

गाडीच्या पुस्तिकेत त्याचं नाव ऑइल पॅन, गॅरेजमध्ये चेंबर. दुकानात पार्ट मागताना चेंबरच म्हणा, काम लवकर होतं. इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी अडकवलेलं हे डबडं, छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३ ते साडेतीन लिटर ऑइल पोटात धरणारं. कोकणातल्या आडवाटेवर वर आलेला जांभा असो की गल्लीतला हौशी गतिरोधक, पहिला मार यालाच बसतो.

दुकानात जाण्याआधी एक लोहचुंबक घ्या आणि चेंबरला लावून पाहा. चिकटला तर चेंबर पत्र्याचा आहे. तो स्वस्त असतो आणि मार बसला की बहुधा चेपतो. चुंबक चिकटला नाही तर अ‍ॅल्युमिनियमचा. तो तडकतो, आणि किंमत कित्येक पट असू शकते. अशा वेळी आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्याला आधी दाखवावा.

पत्र्याच्या चेंबरचा अंदाज असा. चेंबर १,२०० ते २,५०० रुपये, ऑइल १,२०० ते २,०००, फिल्टर १०० ते २५०, सिलिकॉन सीलंटची ट्यूब १५० ते ४००, ड्रेन नटाचा वॉशर वीसेक रुपये. म्हणजे साधारण पावणेतीन ते सव्वापाच हजार. हा खर्च घरी करा नाही तर बाहेर, होणारच. शहर आणि मॉडेलप्रमाणे आकडे हलतील, तेव्हा दुकानात विचारून घ्या.

मग घरी वाचतं काय? मजुरी. गल्लीतला मिस्त्री ८०० ते १,५०० घेईल, अधिकृत केंद्रात त्याहून जास्त आणि वर १८ टक्के जीएसटी. आता तुमची बाजू: दोन भक्कम जॅक स्टँड १,५०० ते २,५००, टॉर्क पाना १,५०० ते ३,०००, ऑइल धरायचा ट्रे वेगळा. हत्यारं आधीच घरात असतील तरच हे काम परवडतं. पहिल्या खेपेला हौसेचं मोल मोजावं लागतं, त्याला बचत म्हणू नये.

हौस असेलच तर आधी खाली वाकून बघा. चेंबरच्या आड सायलेन्सरचा पाइप किंवा आडवा क्रॉसमेंबर येत असेल, तर सरळ पिट असलेलं गॅरेज गाठा. वाट मोकळी असेल तर काम एका दुपारचं. गाडी सपाट जमिनीवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा भाग स्टँडवर टेकवा. गाडीसोबत आलेल्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. विटांवर तर नाहीच. वीट सांगून फुटत नाही. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, मग बोल्ट फिरवा. बऱ्याच गाड्यांत दहाची गोटी चालते. कोपऱ्यातले बोल्ट शेवटी काढायचे, नाहीतर चेंबर अंगावर येतो. सीलंटने धरून ठेवला असेल तर पातळ पातं सरकवा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलात तर कड वाकते आणि नवी गळती सुरू होते.

चेंबर उतरला की ऑइल खेचणारी गाळणी बघाच. गळत नाही म्हणून चेपलेला चेंबर कित्येकजण तसाच चालवतात, आणि खरा धोका तिथेच आहे. पत्रा आत दबून गाळणीच्या तोंडाशी आला की चेंबर भरलेला असूनही पंपाला ऑइल पुरेसं मिळत नाही. गाळणीवर वाळलेल्या सिलिकॉनचे तुकडे दिसले तर आधीच्या कारागिराने ट्यूब सढळ हाताने पिळली होती. तुम्ही पातळ, सलग धार सोडा. दोन्ही कडा आधी कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळा. जोर लावला की आटे जातात, आणि लेथवाल्याची फेरी वाढते. ऑइल लगेच ओतू नका, ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबा. घाईत भरलं तर दुसऱ्या दिवशी फरशीवर काळा डाग दिसेल आणि सगळं काम पुन्हा करावं लागेल.

जुनं ऑइल गटारात ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्वापराला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या.

विम्याचं काय? दगड लागून फुटलेला चेंबर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीत बसतो. पण १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये तुमचे, शिवाय घसाऱ्याची कपात, आणि दाव्याने नो-क्लेम बोनसही जातो. पाच वर्षांत तो ५० टक्क्यांवर चढलेला असेल तर पत्र्याच्या चेंबरसाठी दावा करू नका. मात्र फुटलेल्या चेंबरवर गाडी पळवून इंजिन जाम झालं, तर साधी पॉलिसी सहसा त्याचा खर्च देत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली लागते, तिच्याही अटी वाचून घ्या. म्हणून खालून आवाज आला आणि ऑइलचा लाल दिवा लागला की तिथेच इंजिन बंद करा आणि टोइंग मागवा, गॅरेज समोरच्या चौकात असलं तरी.