आत्याच्या फोनमधली उजनी

निमगाव केतकी

चि. बाळास,


परवा घरच्या ग्रुपवर तू लिहिलंस, "सोलापूरवाल्यांना आपल्याला मिळणारं पाणी बघवत नाही." तुझी सख्खी आत्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात नांदते. तिनं ते वाचलं आणि ती गप्प राहिली. म्हणून हे पत्र.

२०२१ च्या उन्हाळ्यात उजनी धरणातून ५ टीएमसी पाणी उचलून आपल्या इंदापूर तालुक्यातल्या २२ गावांना द्यायचं ठरलं. सोलापूर पेटून उठलं आणि मे महिन्यात सरकारनं तो आदेश रद्द केला. त्या दिवसांत माझ्या फोनवर आपलीच बाजू यायची: धरणात जमिनी आपल्या गेल्या, पळसदेवचं देऊळ बुडालं, आणि कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, मात्र पाणी पोचत नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. मी ते सगळं आत्याला पाठवत राहिलो. ती तिच्याकडचं पाठवायची, ते मी उघडतही नव्हतो.

भाऊबीजेला ती आली तेव्हा ओट्यावर दोघांचे फोन शेजारी ठेवले आणि दोन्हींवर 'उजनी' एवढंच टाकलं. माझ्याकडे इंदापूर आलं. तिच्याकडे मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा; आधी मंजूर झालेल्या योजनांनाच पाणी पुरत नाही म्हणणारे शेतकरी. सोलापूर शहर पिण्याच्या पाण्यासाठी उजनीवर अवलंबून आहे, हे मला माहीत होतं रे. पण त्या अख्ख्या उन्हाळ्यात ते एकदाही मनात आलं नाही. याची मला अजून खंत वाटते.

आपण कुठं थांबतो, काय उघडतो, कुठल्या भागात राहतो, हे फोन टिपतो आणि तसलंच आणखी पुढं करतो. तरी सगळं खापर त्याच्यावर फोडू नकोस. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांना तर समाजमाध्यमं वापरणाऱ्यांच्या नजरेला उलट जास्त वेगवेगळ्या माध्यमांच्या बातम्या पडतात, असं आढळलं. पेपरच्याही जिल्ह्याजिल्ह्याच्या आवृत्त्या असतातच. पण पारावर एकच पेपर दहाजण वाचायचे, आणि पलीकडच्या करमाळ्याचा एखादा पाहुणा मधेच म्हणायचा, "तसं नाही हो ते." फोन वाचताना शेजारी कुणी नसतं.

तू स्पर्धा परीक्षा देतोयस. उद्या पाणीवाटपाची फाईल तुझ्याच टेबलावर येईल. आतापासून सोलापूरची बातमी मुद्दाम शोधून, शेवटपर्यंत वाचत जा. पटलीच पाहिजे असं नाही. आपल्या टेलच्या गावांचं म्हणणं मला आजही रास्त वाटतं. पण पलीकडच्याला वैरी म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.

आज आत्याला फोन कर. ग्रुपवरचा विषय काढू नकोस. यंदा तिच्या रानाला कालव्याची किती आवर्तनं मिळाली, आणि शेवटच्या पाळीला रात्री किती वाजेपर्यंत दारं धरावी लागली, तेवढं विचार.

तुझा,
काका