आधी खोली, मग यंत्र
(विज्ञान-पाठ : प्रिसिजन एसी सुरक्षितपणे कसा बसवावा)

कॅडेट मित्रांनो, कॅम्प टाकण्याआधी आपण जागेची पाहणी करतो. वाट कुठून, पाणी कुठे, पाऊस आला तर निचरा कसा होईल, हे ठरल्याशिवाय तंबूची खुंटी ठोकत नाही. सर्व्हर रूममध्ये मोठा प्रिसिजन एसी बसवतानाही हाच क्रम पाळावा लागतो.

गरज कशासाठी?
पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्याच घराण्यातला ‘परम प्रवेग’ २०२२ मध्ये आपल्या बेंगळुरूत, भारतीय विज्ञान संस्थेत उभा राहिला. त्याची क्षमता आहे ३.३ पेटाफ्लॉप. संगणक लहान असो वा एवढा मोठा, तो जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती सतत काढली नाही तर यंत्रे काही मिनिटांतच तापून बंद पडू लागतात.

घरचा एसी माणसांसाठी असतो. त्याची बरीच शक्ती हवेतला दमटपणा काढण्यात जाते. संगणकाला घाम येत नाही. म्हणून प्रिसिजन एसी आपली बहुतेक शक्ती हवेचे तापमान उतरवण्यात खर्च करतो, चोवीस तास चालतो आणि आर्द्रताही सांभाळतो. हवा फार कोरडी झाली तर स्थिर विजेची ठिणगी पडते, फार दमट झाली तर भागांवर पाणी साचते.

बेंगळुरूचा हिशेब
आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा जवळपास ९ टक्के विरळ. समजा, ४० किलोवॅट उष्णता काढायची आहे आणि एसीतून जाताना हवा १० अंशांनी थंड होते. मुंबईत सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर हवा पुरेल, इथे ३.६ लागेल. म्हणून यंत्र मागवतानाच ठिकाणाची उंची कळवावी.

खोलीची तयारी
१. भिंती खऱ्या छतापर्यंत बंद हव्यात. फॉल्स सीलिंगच्या वर फट राहिली तर पावसाळी दमट हवा आत येतच राहते. केबलची भोके बुजवावीत.
२. यंत्र उंच फरशीच्या टाइल्सवर ठेवू नये. खालच्या स्लॅबवर टेकलेले लोखंडी स्टँड आधी बसवून लेव्हल तपासावी. स्लॅब भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगावे.
३. निचऱ्याच्या नळीला उतार आणि पाण्याचा ट्रॅप द्यावा. बादलीभर पाणी ओतून ते वाहते का ते पाहावे.
४. दुरुस्तीसाठी यंत्रासमोर मोकळी जागा सोडावी.

वाट आणि वजन
ट्रकपासून खोलीपर्यंतची प्रत्येक चौकट, वळण आणि लिफ्ट टेपने मोजावी. वळणावर यंत्राची लांबी नव्हे, कर्ण आडवा येतो.

८०० किलोचे यंत्र चार चाकांवर असेल तर प्रत्येक चाकावर २०० किलो येतात. जमीन उंचसखल असेल तर सारा भार समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोनच चाकांवर येऊ शकतो, म्हणजे प्रत्येकी ४०० किलो! अशा वेळी टाइल फुटते आणि यंत्र कलंडते. म्हणून वाटेवर जाड प्लायवूड किंवा लोखंडी पत्रे अंथरावेत. यंत्र उभेच न्यावे. आडवे केले तर कॉम्प्रेसरमधले तेल भलतीकडे जाते.

हुकूम एकानेच द्यावा. मात्र ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा. उचललेल्या यंत्राखाली हात किंवा पाय नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कलंडणारे यंत्र सावरायला धावू नका, बाजूला व्हा. यंत्र दुसरे मिळते. मदतीला धावण्याची आपली सवय चांगली आहे, पण इथे तीच जीवावर बेतते.

जोडणी आणि सुरुवात
हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. पाइपची गळती कोरड्या नायट्रोजनने तपासतात. ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. दाबाखाली तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. नंतर व्हॅक्यूम करून मगच गॅस भरतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, उंच फरशीखाली साठतो आणि श्वासाची हवा हटवतो. गळतीची शंका आली तर बाहेर पडून खोली हवेशीर करावी. तिथे एकट्याने जाऊ नये.

तीन फेजचा क्रम चुकला तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, म्हणून तो आधी तपासावा. मगच बटण दाबावे.

स्वाध्याय
१. १००० किलोचे यंत्र दोनच चाकांवर टेकले तर प्रत्येक चाकावर किती भार येईल?
२. शीतनाचा १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट. ६० किलोवॅटचे किती टन? (हा टन वजनाचा नव्हे!)
३. तुमच्या बराकीच्या दारातून २ मीटर उंच कपाट उभेच न्यायचे आहे. आधी काय काय मोजाल? यादी करा.