सेटिंगच्या पानाविषयी भाचीला

चि. सोनू,

सेटिंगचं पान तुझ्याकडे आलंय आणि 'नवशिके' व 'तज्ज्ञ' अशी दोन बटणं ठेवायचा तुझा विचार आहे, असं ताई म्हणाली. तेवढं करू नकोस, बाळा.

मी ते करून चुकलोय. दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करताना आम्ही असेच दोन भाग पाडले होते. वीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या एका बाईंनी 'नवशिके' निवडलं, कारण कॉम्प्युटर आपल्याला येत नाही असं त्यांना वाटायचं. त्यांना रोज लागायचा राउंड ऑफ, आणि तो आम्ही 'तज्ज्ञ'मध्ये टाकलेला! त्या बिचाऱ्या महिनोन्‌महिने पैसे हातानं जुळवत राहिल्या. हिशोबात त्यांनी मला शिकवावं अशी तयारी, आणि प्रिंटरचा समास बदलताना मात्र हात थरथरायचा. माणूस सगळ्याच बाबतींत नवशिका नसतो, तज्ज्ञही नसतो. म्हणून वाटणी माणसांची नको, कामांची कर. बिलाचं बिलापाशी, छपाईचं छपाईपाशी. रोजचं वर, क्वचित लागणारं तिथंच खाली, 'आणखी' दाबल्यावर दिसेल असं.

आणि जे ठेवशील त्याची जागा हलवू नकोस. ऑफिस २००० मध्ये कमी वापरातल्या आज्ञा मेनूमधून आपोआप दडायच्या. हेतू चांगला होता. पण यादीच बदलत राहिली तर हाताला सवय कशी लागणार? २००७ मध्ये वर्ड-एक्सेलमधले ते मेनू जाऊन रिबन आली.

एका टिचकीनं सगळं मोडेल अशी गोष्ट मात्र खरोखर लांब ठेव. फायरफॉक्सनं २०१३ मध्ये, २३व्या आवृत्तीत, जावास्क्रिप्ट बंद करायचा चौकोन नेहमीच्या पानावरून काढला. तो चुकून दाबला गेला की कितीतरी संकेतस्थळं चालेनाशी व्हायची आणि लोकांना ब्राउझरच बिघडला असं वाटायचं. पण सोय मारली नाही. अबाउट-कॉन्फिग या आतल्या पानावर, आधी धोक्याची सूचना देऊन, ती शिल्लक ठेवली. मला हे फार पटतं.

पुष्कळ लोक सेटिंगच्या पानावर कधीच येणार नाहीत. तू आधीपासून जे निवडून ठेवशील, तेच त्यांचं सॉफ्टवेअर. सर्वांत जास्त वेळ त्या निवडीला दे. शिवाय शोधायची चौकट ठेव, आणि तिला दुकानातले शब्द कळू देत. 'दशांश अचूकता' कुणी शोधत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा पान दाखवायला आण. त्या बाई अजून गल्ल्यावर बसतात. आपण त्यांच्याकडे जाऊ.

तुझा,
मामा