चोथा आधी धू, मग बघ

अगं, परवा तुझ्या नव्या दुकानात बसले होते, तेव्हा एक गोष्ट मनाला लागून राहिली. गिऱ्हाइकांसमोर बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून आता निवांत सांगते. तू पातेल्यावरचं फडकं उचललंस, पिळलंस आणि तो वाफाळता चोथा सरळ कपांच्या बादलीत झटकलास. त्यातच कागदी कप, बिस्किटांचे पुडे, फिल्टर कॉफीचा काळा गाळ. संध्याकाळपर्यंत बादली शिगोशीग भरली.

ती बादली जाते कुठे? आपल्या पुण्याचा कचरा फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांनी वर्षानुवर्षं नाकाशी सोसला. गाड्या अडवल्या, आंदोलनं केली, तेव्हा कुठे शहराला जाग आली. अमृततुल्यांच्या या गावात रोज किती चोथा निघत असेल, विचार कर. तुझ्या बादलीतला तरी आपल्या हातात आहे ना?

पहिली गोष्ट, कप आणि चोथा वेगळे ठेव. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो मातीत जिरत नाही. शिवाय कचरा वेचायला येणाऱ्या मावशींना त्या चिकट लगद्यात हात घालावा लागतो. निदान त्यांच्यासाठी तरी दोन बादल्या कर.

आता खरं कौशल्याचं. आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. तो चोथा हातात घेऊन बघ, बोटं चिकटतात. आल्याचे तंतू, वेलदोड्याची सालं आणि सगळ्यावर साखरेचा पाक. तसाच कुंडीत टाकलास तर दुसऱ्या दिवशी मुंग्या, तिसऱ्या दिवशी चिलटं आणि आंबूस वास. म्हणून चाळणीत घेऊन दोन पाण्यांनी खळखळून धू आणि वर्तमानपत्रावर पसर. उन्हात चांगला सुकला की मोकळा होतो, बोटांतून भुरभुर सुटतो. एवढी दहा मिनिटांची मेहनत घेतलीस की पुढचं सोपं आहे.

कॉफीच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. कुणीतरी सांगितलं, कॉफी म्हणजे खतच, म्हणून गच्चीतल्या कोथिंबिरीवर गाळाचा जाड थर दिला. वर पापुद्रा धरला, पाणी आत मुरेना, बुरशी आली आणि रोपं खुरटली. गाळात साधारण 2 टक्के नत्र असतं खरं, पण ते कुजल्याशिवाय झाडाला मिळत नाही आणि ताजा गाळ कोवळ्या रोपांची वाढ रोखतो. तेव्हा दोन्ही चोथे आधी खताच्या ड्रममध्येच जाऊ देत. एक भाग चोथा, दोन-तीन भाग वाळका पाला, मूठभर जुनं खत आणि शिंपडायला आंबट ताक. आठवड्यातून दोनदा खालीवर कर. कॉफी एकूण मालाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. दीड-दोन महिन्यांनी पहिल्या पावसासारखा वास सुटला, की खत झालं समज.

पाला कुठून आणू, विचारशील. थंडी सरता सरता रस्त्याकडेला पाल्याचे ढीग पेटतात तेव्हा माझा जीव तुटतो. आपल्याच पुण्यात अदिती देवधर यांनी 2016 मध्ये ‘ब्राउन लीफ’ सुरू केलं. ज्याच्याकडे पाला आहे त्याने तो खत करणाऱ्याला द्यायचा, जाळायचा नाही, एवढी साधी गोष्ट. तुझ्या शेजारच्या सोसायटीतही पोती भरून मिळेल, विचारून तर बघ.

चोथा घरातही कामाला येतो गं. काबुली चणे शिजवताना धुतलेल्या चोथ्याची पुरचुंडी टाक, रंग गडद येतो. आई लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची, आठवतं? चहातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतं, त्यातलीच ती युक्ती. आणि बाहेर तर याहून पुढे गेलेत. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात कॉफीचा गाळ प्राणवायूशिवाय 350 अंशांवर भाजून काँक्रीटमधल्या 15 टक्के वाळूच्या जागी वापरला, तर ते सुमारे 30 टक्के मजबूत झालं. 2023 मधली गोष्ट आहे. आपल्या नद्या वाळूसाठी कशा खरवडल्या जातात ते पाहिलं की याचं मोल कळतं.

एक मात्र जिवाच्या आकांताने सांगते. कुणी येऊन म्हणालं, “ताई, वाळलेला चोथा किलोवर घेतो,” तर चार पैशांसाठी देऊ नकोस. वापरलेली पत्ती सुकवून, रंग लावून पुन्हा चहा म्हणून विकणारे लोक आहेत, आणि ती गरिबाच्याच कपात जाते. तू स्वतः सुटी पत्ती घेतेस तीही तपास. पांढऱ्या टिपकागदावर पसर, पाणी शिंपड, मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धर. रंग लावलेला असेल तर काळपट डाग राहतात.

द्यायचाच तर तयार खत दे. रोज सकाळी येणाऱ्या त्या आजींच्या गॅलरीत मोगरा आहे म्हणालीस ना? पहिली पिशवी त्यांना.

रविवारी मी येते. माझा जुना भोकं पाडलेला ड्रम आणि एक पोतं पाला रिक्षात घालून आणते. शनिवारचा चोथा फक्त फेकू नकोस, धुऊन पसरून ठेव.