आयुर्वेद महाविद्यालय निवडताना कोणते प्रश्न विचाराल?

‘नीट’चा निकाल लागला की आमच्या महालात पेढ्यांबरोबर एक प्रश्नही घरोघर फिरू लागतो. बडकस चौकापासून चिटणीस पार्कपर्यंत ज्या घरी बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, त्या घरचे कोणीतरी रक्तदाब दाखवण्याच्या निमित्ताने माझ्या दवाखान्यात येऊन बसते आणि जाता जाता विचारते, "डॉक्टरसाहेब, एमबीबीएसचं तर जमून नाही राहिलं. बीएएमएसला नंबर लागते म्हणते. घेऊन टाकू का?"

इतवारीत लग्नाची साडी घ्यायची तर आपण चार दुकाने पालथी घालतो, पदर उजेडात धरून पाहतो. येथे मुलीच्या आयुष्याची साडेपाच वर्षे आहेत. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजेच इंटर्नशिप. शिवाय घरचे लाखो रुपये. तेव्हा ‘घेऊन टाकू का’ याआधी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : या पदवीने मला नेमका कोणता अधिकार मिळणार? पदवीचे नाव ऐकून याचे उत्तर मिळत नाही. अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीचे उदाहरण पाहा. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल गावी डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी या शास्त्राचे पहिले विद्यालय काढले. आज तेथे ‘डी.ओ.’ पदवीधराला एम.डी. डॉक्टराइतकाच औषधे देण्याचा व शस्त्रक्रियेचा अधिकार आहे आणि २०२० पासून दोघांचे पदव्युत्तर प्रशिक्षणही एकाच व्यवस्थेखाली चालते. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ मात्र मुख्यतः हातांनी सांधे व स्नायूंवर उपचार करतो. औषधाची चिठ्ठी लिहिणे त्याच्या अधिकारात नाही. नाव एकच, पण देश बदलला की हक्क बदलतो.

आपल्याकडे राज्य बदलले तरी हेच होते. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली आयुर्वेद पदवीधरांची नोंदणी होते. २५ नोव्हेंबर १९९२ च्या शासकीय अधिसूचनेने नोंदणीकृत पदवीधरांना, जेवढे प्रशिक्षण मिळाले असेल तेवढ्या मर्यादेत, आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. प्रत्येक राज्यात असे नाही. म्हणून उद्या जावई परराज्यातला निघाला किंवा नोकरीसाठी तिकडे जावे लागले, तर तिथला नियम वेगळा असू शकतो हे आधीच ध्यानात ठेवावे.

या अधिसूचनेतला ‘प्रशिक्षण’ हा शब्द पालकांनी अधोरेखित करून ठेवावा. कारण हे प्रशिक्षण वर्गात मिळत नाही, रुग्णाच्या खाटेशी मिळते. म्हणून महाविद्यालयाला विचारायचा सर्वांत मोठा प्रश्न असा : तुमच्या रुग्णालयात रुग्ण आहेत का?

प्रश्न साधा वाटेल, पण इमारत चकचकीत, दारात धन्वंतरीची मूर्ती, संगणक कक्ष वातानुकूलित आणि वॉर्डात इस्त्रीच्या चादरी घातलेल्या रिकाम्या खाटा, असेही प्रकार असतात. २०१६ च्या मानकांनुसार ६० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ६० खाटा, बाह्यरुग्ण विभागात रोज सरासरी १२० रुग्ण आणि किमान ४० टक्के खाटा भरलेल्या असणे आवश्यक होते. पुढे भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने २०२४ मध्ये नवे निकष आणले. मात्र निकष कोणताही असो, तपासणीच्या दिवशी भरणाऱ्या खाटा आणि एरवी भरणाऱ्या खाटा यांत फरक असू शकतो. तो फरक पालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

त्यासाठी प्रवेश कक्षात विचारण्याऐवजी साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, न कळवता, सकाळी दहा-साडेदहाला जावे. केसपेपरच्या खिडकीपाशी थोडे थांबावे. साडेबारा वाजता शेवटच्या कागदावरचा क्रमांक काय आहे तो पाहावा. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आज किती ताटे वाढली, हे आचाऱ्याला सहज विचारावे. आचारी सहसा खोटे बोलत नाही, त्याला कारणच नसते! पंचकर्म विभागात शिरल्यावर तेलाचा आणि काढ्याचा वास यायला हवा. द्रोणी कोरडी ठणठणीत आणि तिच्यावर धूळ असेल तर समजून घ्यावे. शल्यतंत्र विभागात क्षारसूत्राचे, म्हणजे भगंदर-मूळव्याधीचे रुग्ण आठवड्याला किती होतात? प्रसूती विभागात गेल्या महिन्यात किती बाळंतपणे झाली? ज्या मुलीने साडेपाच वर्षांत एकही बाळंतपण जवळून पाहिले नाही, तिच्याकडे उद्या गावातली अडलेली बाई येणार आहे, हे विसरू नये.

नागपूरकरांची यात सोय आहे. सक्करदऱ्याचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, हनुमाननगरातले श्री आयुर्वेद महाविद्यालय, नंदनवनातले भाऊसाहेब मुळक महाविद्यालय, ही सारी महालातून स्कूटरवर सहज गाठता येतात. आपला नंबर दूरच्या जिल्ह्यात लागणार असला तरी आधी यांपैकी एखाद्या ठिकाणी सकाळ घालवावी. म्हणजे चालते रुग्णालय कसे दिसते याचा अंदाज येतो आणि मग दूरच्या महाविद्यालयाची तुलना करता येते.

शिक्षकांविषयी विचारायचे तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे, तेही चहाच्या टपरीवर. फलकावर नाव आहे पण वर्गात दर्शन नाही, असे ‘कागदावरचे’ शिक्षक हा या क्षेत्राचा जुना आजार आहे. "शिक्षक चांगले आहेत का?" असे मोघम विचारू नये. "गेल्या आठवड्यात कायचिकित्सेचे किती तास झाले? वॉर्डात राउंडला कोण नेते?" असे विचारावे. पहिल्या वर्षासाठी शवविच्छेदनाची चौकशी करावी : एका मृतदेहाभोवती किती विद्यार्थी असतात आणि प्रत्यक्ष हातात चिमटा कितींच्या येतो?

शुल्काबाबत थोडक्यात सांगतो. राज्यातील खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. तो आकडा लिहून सोबत न्यावा. अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत आणि संस्थास्तरावरील जागांचा हिशेबही वेगळा असतो. वसतिगृह, खानावळ, अनामत रक्कम यांचे आकडे वेगळे मागावेत आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. महाविद्यालयाला या वर्षीची परवानगी आहे का व किती जागांसाठी आहे, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. ‘परवानगी येऊनच राहिली’ या आश्वासनावर पैसे भरू नयेत.

आता आंतरवासितेच्या वर्षाविषयी. विद्यावेतन खरोखर मिळते का, की कागदावर सही घेऊन परत घेतले जाते, हे शेवटच्या वर्षाची मुले सांगतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात का? मागच्या दोन-तीन तुकड्या आज कोठे आहेत? कितीजण पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून एम.डी.-एम.एस.ला गेले? कितीजण समुदाय आरोग्य अधिकारी झाले? २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, तिच्यावरचे अनेक डॉक्टर बीएएमएस आहेत. मेळघाटातील भरारी पथकांतही आयुर्वेद पदवीधरांनीच मोठा भार उचलला आहे. साप चावलेल्या किंवा झटके येणाऱ्या माणसाजवळ पहिला पोहोचणारा डॉक्टर हाच असतो, आणि त्या वेळी पाठ केलेले श्लोक पुरत नाहीत. श्लोक यायलाच हवेत, मी स्वतः त्यांचा भोक्ता आहे. पण सलाईनची शीर सापडण्याचा सराव जिवंत हातावरच होतो.

मुलीला एकदा विचारावे की तिला आयुर्वेद शिकायचा आहे, की एमबीबीएस न मिळाल्याचे दुःख झाकायचे आहे. पहिल्या वर्षीच संस्कृत आणि संहितांचा अभ्यास येतो. आवड नसेल तर तो काळ फार जड जातो. एक वर्ष थांबून पुन्हा नीट देणे किंवा दुसरी वाट धरणे, यात कमीपणा मानू नये.

पसंतीक्रमाचा अर्ज भरताना याद्या पाहून तीस-चाळीस नावे घालण्याची घाई होते. ज्या महाविद्यालयात पाऊल ठेवलेले नाही किंवा जेथील विद्यार्थ्याशी बोलणे झालेले नाही, त्याचे नाव त्या अर्जात घालू नये. आणि तेथे जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. वॉर्डात दहा मिनिटे तिला एकटीला उभे राहू द्या.