भरून आलेला टॅटू बघा

माझ्याकडे नवा टॅटू काढायला जितके येतात, जवळजवळ तितकेच जुना झाकून घ्यायला येतात. पुण्यात हे काम करताना तुटलेल्या नात्यांची नावं झाकली, चुकलेल्या वेलांट्या झाकल्या, डाग होऊन बसलेली मोरपिसं झाकली. झाकायचं म्हणजे जुन्यापेक्षा गडद आणि बहुतेक वेळा दुप्पट-तिप्पट मोठं चित्र काढावं लागतं. मनगटावरच्या चार अक्षरांपायी अर्धा हात काळा होतो, आणि समोरच्याला ते मनापासून नको असतं. लेझरनं काढावं म्हटलं, तर काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकी पडते, हिरवी-पिवळी मात्र चिवट असते. दीड-दोन महिन्यांच्या अंतरानं कित्येक बैठका लागतात आणि खर्च मूळ टॅटूच्या कितीतरी पट होतो. म्हणून सुई लागण्याआधीच चार गोष्टी सांगाव्यात असं वाटतं.

लोक कलाकार निवडतात ते मोबाइलवरचे फोटो पाहून. ते फोटो काम संपल्या संपल्या काढलेले असतात. तेव्हा रेघ ठसठशीत असते, वर व्हॅसलीनची चमक असते. अशा वेळी जवळपास कुणाचंही काम सुरेख दिसतं. खरी परीक्षा त्वचा भरून आल्यावर होते. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसावी लागते. वरच राहिली, तर खपलीबरोबर निघून जाते. जास्त खोल गेली, तर रेघेभोवती निळसर सावली पसरते. त्यामुळे कलाकाराला सरळ विचारा: महिन्याभरानंतरचे फोटो दाखवा, दोन-तीन वर्षं जुने असतील तर तेही दाखवा. शिवाय ते आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवरचे असावेत. आपल्या त्वचेत फिका पिवळा, पांढरा, गुलाबी रंग काही काळानं दिसेनासाच होतो. जो हे फोटो दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

शिवरायांची राजमुद्रा काढून घ्यायला फार मुलं येतात. भावना खरी असते, पण मागणी असते रुपयाच्या नाण्याएवढ्या मुद्रेची. त्या अष्टकोनात इतकी अक्षरं, इतकी जोडाक्षरं आहेत की एवढ्या जागेत काही वर्षांत त्यांचा गोळा होतो. शाई कातडीत हळूहळू पसरतेच. त्यात अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो, रफार हरवतो. मी अशांना दंडावर तळहाताएवढी जागा घ्यायला सांगते, नाहीतर नाही म्हणते. माझ्या आजीच्या हातावरची गोंदलेली तुळस म्हातारपणीही तुळस म्हणून ओळखू येत होती, कारण ठिपके ठळक होते आणि मधली जागा मोकळी होती. आणि देवनागरी काही लिहायचं असेल, तर स्टेन्सिल अंगावर उमटल्यावर ऱ्हस्व-दीर्घ जाणणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. फॉन्ट बदलताना कॉम्प्युटर जोडाक्षरं फोडून टाकतो, आणि कलाकाराला मराठी येतच असेल असं नाही.

भरतीची तयारी करणाऱ्यांना मी हात लावत नाही. सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासींच्या पारंपरिक गोंदणाला वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे नियम आणखी निराळे आहेत. आधी भरतीची जाहिरात वाचा, मग या.

जत्रेत किंवा किनाऱ्यावरच्या तंबूत एकाच सुईनं, शाईच्या एकाच वाटीतून ओळीनं हात गोंदताना मी पाहिलंय. हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, तिन्ही अशा सुईतून जाऊ शकतात. सीलबंद सुई तुमच्यासमोर फोडली पाहिजे आणि तिच्यावरची मुदत तुम्ही वाचली पाहिजे. शाई छोट्या टोपणात काढून घ्यावी, उरलेली टाकून द्यावी. पुन्हा वापरायच्या धातूच्या वस्तू ऑटोक्लेव्हमधूनच आल्या पाहिजेत. निळ्या दिव्याच्या कपाटात ठेवून त्या निर्जंतुक होत नाहीत. मी आणखी एक गोष्ट बघते: मध्येच फोन वाजला, तर उचलल्यावर हातमोजे बदलले जातात का? हेपटायटिस बीची लस घेतलेली नसेल, तर ती आधी पूर्ण करा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बसू नका. टॅटूनंतर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही घरात कुणाला रक्त लागण्याची शक्यता असेल तर ध्यानात ठेवा.

गोव्याच्या सहलीत पहिल्याच दिवशी टॅटू आणि दुसऱ्या दिवशी समुद्र, असं करू नका. दोन-तीन आठवडे समुद्र, पोहण्याचा तलाव आणि कडक ऊन वर्ज्य. खपली नखानं काढायची नाही, हळदही लावायची नाही.

मन डळमळत असेल, तर मी नुसतं स्टेन्सिल उमटवून घरी पाठवते. ते पुसट होईपर्यंत आरशात बघा, ऑफिसात जा, आईसमोर बसा. हौस म्हणून काळ्या मेंदीनं मात्र काढून बघू नका. तिच्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यानं फोड येतात आणि व्रण राहतात.

पैसे ठरवताना टच-अपचं बोलून घ्या. चांगला कलाकार महिना-दीड महिन्यानं स्वतःहून परत बोलावतो, भरून आलेली त्वचा उजेडात बघतो आणि कुठे रेघ तुटली असेल तर जोडून देतो. ते पैशांत धरलंय की वेगळं, हे पहिल्या भेटीतच विचारा.